शिक्षकांच्या पाठीशी : मार्गदर्शक घडवण्याच्या भारतीय प्रयत्नांचा मागोवा

शाळेचा हीरक महोत्सव येतो तेव्हा स्मरणिकेच्या पानांतून अनेक नावांची उजळणी होते. संस्थापक, देणगीदार, मुख्याध्यापक, गुणवत्ता यादीत झळकलेले विद्यार्थी, मैदान गाजवणारे खेळाडू या सर्वांना त्यांचे मानाचे स्थान मिळते. माजी विद्यार्थी आपापल्या आवडत्या शिक्षकांच्या आठवणी सांगतात. मात्र त्या आवडत्या शिक्षकाला शिकवायला कोणी शिकवले, पहिल्या वर्षी वर्ग हाताबाहेर गेला तेव्हा त्याला कोणी सावरले, पहिल्या पालकसभेत त्याचे शब्द घशातच अडकले तेव्हा शेजारी कोण उभे होते, याची नोंद सहसा कोठेच सापडत नाही. शाळेच्या दप्तरात नेमणुकीची तारीख असते, बढतीची असते, निवृत्तीची असते. एका शिक्षकाने दुसऱ्याला घडवल्याची तारीख मात्र नसते.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. नवख्या शिक्षकाला हात देणारा ज्येष्ठ शिक्षक हा मार्गदर्शक म्हणून स्वतःही एके काळी नवखाच असतो. वीस वर्षे उत्तम शिकवले म्हणून दुसऱ्याला शिकवण्यास समर्थ करण्याची कला आपोआप साधतेच असे नाही. स्वयंपाकात हात चांगला असणे वेगळे आणि नव्या सुनेला हात भाजू न देता स्वयंपाकघर सोपवणे वेगळे. मग मार्गदर्शकाची तयारी कोण करून घेतो, आणि ते काम करताना त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? भारतातील शिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली गेली. त्यांतील काही मद्रासेत सापडतात, काही भावनगर आणि कोसबाड येथे, तर काही नर्मदाकाठच्या खेड्यांत.

धूळपाटी ते मद्रास

पंतोजींच्या जुन्या शाळेत आजच्यासारखे वर्ग आणि तुकड्या नसत. एकच पंतोजी लहानथोर मुलांना घेऊन बसत, आणि ज्यांचा धूळपाटीवरचा सराव पुरा झाला आहे अशी थोरली मुले धाकट्यांच्या हाताला वळण लावीत. देशाच्या दक्षिण भागातही वाळूवर बोटाने अक्षरे गिरवण्याची रीत होती. त्या काळी या पद्धतीला कोणी शास्त्र म्हटले नाही. ती गावाची सोय होती.

या सोयीचे पुढे जगभर गाजलेल्या पद्धतीत रूपांतर झाले ते मद्रासमध्ये. एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी १७८९ साली सुरू झालेल्या संस्थेची जबाबदारी अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे होती. एका देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेतही तसे करून पाहण्याची सूचना दिली. मुळाक्षरांचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला ती पटली नाही. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या अवघ्या आठ वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग सोपवला. शिक्षकाला जे अशक्य वाटत होते ते त्या मुलाने करून दाखवले. हळूहळू संपूर्ण शाळेत थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची व्यवस्था बसली. मायदेशी परतल्यावर बेल यांनी १७९७ मध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. लंडनमध्येच जोसेफ लँकेस्टर यांनीही याच धर्तीची शाळा चालवली, आणि 'मॉनिटर पद्धत' किंवा 'मद्रास पद्धत' या नावांनी ही कल्पना अनेक देशांत पोहोचली.

या यशाचा अर्थ लावताना बहुतेकांची नजर काटकसरीवर गेली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हे गणित सर्वांना मोहक वाटले. फ्रिस्केनच्या मागे स्वतः बेल उभे होते, कोणता धडा कसा घ्यावा हे रोज सांगत होते आणि चुकल्यास सावरत होते, ही बाब हिशेबात धरली गेली नाही. पद्धत जेथे जेथे गेली तेथे मॉनिटर गेला, पण त्याला सांभाळणारा बेल गेला नाही. सकाळी ऐकलेला धडा दुपारी जसाच्या तसा पुढे सांगणे एवढेच त्या मुलाच्या हाती उरले. एखाद्या धाकट्याने वेगळा प्रश्न विचारला की त्याची शिदोरी संपत असे. तयारीविना नेमलेला मार्गदर्शक फार तर पाठांतर पुढे नेतो, समज पुढे नेऊ शकत नाही, हा धडा इंग्लंडला पुढील काही दशकांत मिळाला.

मुंबई इलाख्यात या सुमारास वेगळा प्रयत्न झाला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या शाळा मंडळीने चोवीस तरुणांना शिक्षक म्हणून तयार केले आणि १८२६ मध्ये त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा काढण्यासाठी पाठवले. पुढे १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची धुरा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्यावर सोपवण्यात आली. पत्रकार, गणिती आणि प्राध्यापक असा हा विद्वान आता शिक्षकांचा शिक्षक झाला होता. पण दुसऱ्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले. एका व्यक्तीच्या खांद्यावर उभे केलेले काम त्या व्यक्तीबरोबर थांबू शकते, ही जाणीव मराठी शिक्षणविश्वाला इतक्या आरंभीच झाली.

खलित्यातील एक तरतूद

१८५४ चा वुडचा खलिता इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. विद्यापीठे, शिक्षण खाते, अनुदान ही त्यातील कलमे विद्यार्थी पाठ करतात. त्यातील शिक्षक प्रशिक्षणाविषयीच्या भागात एक छोटीशी तरतूद होती आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. होतकरू विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन शाळेतच शिकाऊ शिक्षक म्हणून ठेवावे, आणि शाळेच्या वेळेनंतर त्यांना शिकवणाऱ्या मुख्य शिक्षकाला त्या कामाबद्दल वेगळा मोबदला द्यावा, असे खलित्यात सुचवले होते. योग्य ठरलेल्यांना पुढे नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावे, प्रमाणपत्र द्यावे आणि नोकरीत पुरेसे वेतन मिळेल याची हमी द्यावी, असा तो क्रम होता.

दुसऱ्याला घडवणे हे शिक्षकाच्या नेहमीच्या कामाहून वेगळे काम आहे, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे मोल द्यावे लागते, हे या तरतुदीने मान्य केले होते. इंग्लंडमध्ये मॉनिटर पद्धतीचा अनुभव घेतल्यानंतर १८४६ पासून जी शिकाऊ शिक्षकांची योजना सुरू झाली होती, तिचा हा भारतीय अवतार होता. प्रत्यक्षात येथे नॉर्मल स्कुले निघाली, प्रमाणपत्रेही दिली जाऊ लागली, पण शाळेतल्या शाळेत हात धरून शिकवणारा ज्येष्ठ हा या साखळीतील दुवा कच्चाच राहिला.

त्याची जागा घेतली ती तपासनिसाने. नवे शिक्षण खाते स्थापन झाले आणि शाळांना 'दिपोटी' लाभले. दिपोटीसाहेब येणार म्हटले की गावातील शाळा सारवली जाई, हुशार मुले पुढच्या रांगेत बसवली जात आणि मास्तरांच्या पोटात गोळा उठे. तपासणीचे आपले महत्त्व आहेच, हिशेब कोणीतरी पाहावाच लागतो. परंतु तपासणाऱ्यासमोर माणूस आपले उणे झाकतो आणि मार्गदर्शकासमोर ते उघडे करतो. नव्या शिक्षकाला भेटणारा पहिला वडीलधारा माणूस तपासनीसच असेल, तर विचारण्याऐवजी लपवण्याचीच सवय त्याला लागते. या सवयीची मुळे फार खोलवर गेली.

खात्याच्या चौकटीबाहेर मात्र वेगळ्या वाटा दिसत होत्या. सावित्रीबाई फुले यांची शिक्षिका म्हणून जडणघडण प्रथम घरातच, जोतीरावांच्या हाताखाली झाली. त्यानंतर अहमदनगर येथे मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. घरचा आधार, अनुभवी शिक्षिकेचे सान्निध्य आणि रीतसर प्रशिक्षण हे तिन्ही त्यांच्या वाट्याला आले, आणि रस्त्यावरच्या विरोधाला तोंड देताना त्या एकट्या नव्हत्या. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकांतील अप्रशिक्षितांचे प्रमाण आणि त्यांचे तुटपुंजे वेतन यांवर बोट ठेवले. शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे, म्हणजे ते त्या मुलांमध्ये सहज मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, अशी त्यांची मागणी होती. ज्या समाजात शिकवायचे त्याच समाजातून शिकवणारा तयार व्हावा, ही दृष्टी काळाच्या बरीच पुढे होती. तिला मूर्त रूप मिळण्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

भावनगर, बोर्डी, कोसबाड

नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती या संस्थेची स्थापना केली. १९१६ मध्ये तेथे गिजुभाई बधेका दाखल झाले. ते व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया मॉन्टेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती आले आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू झाले. लवकरच गिजुभाईंच्या ध्यानात आले की एक बालमंदिर कितीही उत्तम चालले तरी ते एकच राहणार. गावोगावी अशी मंदिरे व्हायची तर त्यांना चालवणारी माणसे आधी तयार व्हायला हवीत. त्यातून १९२५ मध्ये अध्यापन मंदिर निघाले.

या भूमीवर १९२३ मध्ये एक मराठी स्त्री येऊन पोहोचली होती. ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर आणि राजकोटच्या बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या. शिक्षिकांना प्रशिक्षण देणे हेच त्यांचे काम होते. तरीही त्या प्राचार्यपद सोडून, अध्यापनाची पदवी नसलेल्या एका माजी वकिलाच्या बालमंदिरात आल्या आणि जमिनीवर बसून अडीच-तीन वर्षांच्या मुलांकडे नव्याने पाहू लागल्या. भाषा गुजराती, मुले गुजराती, पद्धत इटलीहून आलेली. मार्गदर्शक असलेल्या व्यक्तीने पुन्हा विद्यार्थी होण्याचे हे उदाहरण आहे आणि पुढील सर्व कथेची किल्ली त्यातच आहे.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. प्रशिक्षण घेऊन आपापल्या गावी परतलेल्या शिक्षकांचा धागा तुटू नये यासाठी संमेलने भरू लागली, 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. गुजरातीबरोबर ती मराठी आणि हिंदीतही प्रसिद्ध झाली. दूरच्या गावात एकट्याने बालमंदिर चालवणाऱ्या शिक्षिकेला महिन्याकाठी येणारा तो अंक म्हणजे आपण एकट्या नाही याची ग्वाही होती. तयारी एकदाच करून भागत नाही, तयारीनंतरचे पाठबळ चालू राहिले पाहिजे, हे त्या दोघांनी ओळखले होते.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. जांभेकरांच्या बाबतीत जी पोकळी निर्माण झाली होती ती येथे झाली नाही, कारण काम पुढे नेणारी व्यक्ती गिजुभाईंच्या हयातीतच उभी राहिली होती.

मग १९४५ साल आले. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाईंनी शहर सोडून बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करण्याचे ठरवले. त्यांना साथ द्यायला पुढे आल्या अनुताई वाघ. मोरगावी १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंना कोवळ्या वयात वैधव्य आले. पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षण घेऊन त्यांनी नाशिक जिल्ह्यात चांदोरी येथे आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत अध्यापन केले होते. म्हणजे सुमारे सोळा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. हुजूरपागेची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि ताराबाईंनी भावनगरला केले तेच त्यांनी येथे केले. सोळा वर्षांचे शहाणपण बाजूला ठेवून त्या पुन्हा पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या.

बोर्डीतील मुले बालवाडीत येत नसत. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरे राखी. ज्या शिक्षिकेला वर्गात बसलेल्या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे, तिच्यासमोर मुलेच नसतील तर तिने काय करावे? पुस्तकात याचे उत्तर नव्हते. ताराबाई आणि अनुताईंनी ते पाड्यावर जाऊन शोधले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, असे ठरले. 'अंगणवाडी' या शब्दाचे आणि कल्पनेचे मूळ येथे आहे. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागल्या. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे यांनी मोजणी आणि ओळख सुरू झाली. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी विकासवाडी तेथे आकाराला आली.

या प्रयोगात शिक्षिका कशी घडत होती हे पाहण्यासारखे आहे. ताराबाई व्याख्यान देऊन थांबत नसत. अडचण दोघींसमोर एकाच वेळी येई आणि तिचे उत्तरही दोघी मिळून शोधत. ज्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नाही, त्या प्रश्नापुढे तो कसा उभा राहतो, हे शिकाऊ व्यक्तीला जवळून पाहायला मिळणे ही सर्वांत मोठी शिकवण होय. १९४५ पासून १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन होईपर्यंत अठ्ठावीस वर्षे ही सोबत टिकली. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे आणखी एकोणीस वर्षे, अनुताईंनी तो वसा चालवला आणि बालसेविकांच्या पिढ्या तयार केल्या. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी स्वतः बी. ए. ची पदवी मिळवली. घडवणाऱ्याचे शिकणे थांबता कामा नये, हे त्यांना कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. अंगणवाडी सेविका त्याच गावची असावी, हे तत्त्वही त्यात आले. जोतीरावांनी १८८२ मध्ये मांडलेल्या मागणीशी त्याचे नाते सहज जुळते. मात्र योजना गावोगाव पोहोचवणे जितके शक्य झाले, तितके प्रत्येक सेविकेच्या शेजारी एक अनुताई उभी करणे शक्य झाले नाही. पर्यवेक्षिका आल्या, नोंदवह्या आल्या. सेविकेच्या शेजारी बसून तिची अडचण ऐकण्यासाठी पर्यवेक्षिकेजवळ किती वेळ उरतो, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.

होशंगाबादचा अनुभव

आईच्या मायेने एका शिष्येला घडवणे समजू शकते, पण शेकडो शाळांसाठी मार्गदर्शक कसे तयार करायचे? या प्रश्नाला मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने, आजच्या नर्मदापुरमने, एक उत्तर दिले. किशोर भारती आणि रसुलिया येथील मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत आणि त्यांतून निष्कर्ष काढावेत, हे त्याचे सूत्र. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली.

शिक्षकांसाठी उन्हाळी सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांची शिबिरे होत. दिल्ली विद्यापीठ, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ तेथे येत. गावच्या शाळेतील गुरुजी आणि विद्यापीठातील प्राध्यापक एकाच टेबलावर बेडकाचे अंतरंग किंवा विजेचे मंडल पाहत. दिवस संपल्यावर शिकवणारे एकत्र बसत आणि आज कोणता प्रयोग फसला, कोणाचा प्रश्न अनुत्तरित राहिला, कोणी घाईने उत्तर सांगून टाकले, याची मोकळी चर्चा करीत. मार्गदर्शकांचीच ती रोजची शाळा होती.

शिबिरांतून हळूहळू शिक्षकांमधूनच 'स्रोत शिक्षक' पुढे आले. काल जो शिबिरात शिकत होता, तो आज दुसऱ्या शिक्षकांना शिकवू लागला. शास्त्रज्ञाला जे उमगत नसे ते त्याला उमगे, कारण साठ मुलांच्या वर्गात एकच भिंग असले की काय होते हे त्याने स्वतः अनुभवलेले असे. शिबिर संपले की सर्व संपले, असेही नव्हते. वर्षभर शाळांना भेटी देण्याच्या पद्धतीला तेथे 'अनुवर्तन' म्हणत. येणारा मनुष्य वर्गात बसे, मुलांच्या टोळीत मिसळे, अडलेला प्रयोग शिक्षकासोबत करून पाही. तो दिपोटी नव्हता. शिवाय दर महिन्याला परिसरातील शिक्षकांची गोष्ठी भरे. पुढच्या महिन्याचे धडे, संच अपुरा असल्याच्या तक्रारी, मुलांचे चक्रावणारे प्रश्न, सगळे तेथे मांडले जाई. आणि शिक्षकांच्या अडचणींतूनच 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्त्या सुधारल्या जात.

सुमारे तीस वर्षे चालून, शेकडो शाळांपर्यंत पोहोचून, २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने हा कार्यक्रम बंद झाला. त्याच्या गुणदोषांविषयी मतभेद होते आणि आहेत. परंतु बंद झाले ते केवळ एक पाठ्यपुस्तक नव्हते. मासिक गोष्ठी थांबल्या, अनुवर्तन थांबले. तयार झालेले स्रोत शिक्षक शाळांतच राहिले, पण ज्या मांडवाखाली ते एकमेकांना भेटत तो मांडव उठला. मार्गदर्शक घडवायला दशके लागतात. त्यांचा आधार काढून घ्यायला एक आदेश पुरतो.

इतिहासाचे सांगणे

मद्रास, भावनगर, कोसबाड आणि होशंगाबाद यांच्यात काळाचे आणि स्थळाचे मोठे अंतर आहे. तरी काही गोष्टी सर्वत्र सारख्या दिसतात. चांगला मार्गदर्शक आधी पुन्हा विद्यार्थी होतो, ताराबाई आणि अनुताई झाल्या तसा. तो न्यायनिवाडा करायला येत नाही, शेजारी बसायला येतो. त्याच्या कामाला वेळ आणि मोल लागते, हे १८५४ च्या खलित्यालाही कळले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मार्गदर्शकालाही आपल्यासारख्यांची सोबत लागते, मग ती 'शिक्षणपत्रिके'ची असो, दिवसअखेरच्या बैठकीची असो वा मासिक गोष्ठीची. ही सोबत जेथे होती तेथे काम व्यक्तीच्या पलीकडे टिकले. जेथे ती नव्हती अथवा तुटली, तेथे उत्तम माणसेही एकाकी पडली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवी शिक्षकांच्या साहाय्याने मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियान उभारण्याची कल्पना मांडली आहे. तिचे स्वागतच करायला हवे. पण अभियान कागदावरून वर्गापर्यंत येते ते शाळेच्या शिक्षक खोलीतून. महाराष्ट्राबाहेरील मराठी माध्यमाच्या शाळेला तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. आसपासची प्रशिक्षणे अन्य भाषांत होतात, मराठीतून गणित किंवा भूगोल कसा शिकवावा हे सांगणारा जवळपास दुसरा कोणी नसतो. अशा शाळेत नव्या शिक्षिकेचे प्रशिक्षण महाविद्यालय म्हणजे शेजारच्या वर्गातील ज्येष्ठ बाईच. त्या निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी कोणाला घडवले, आणि त्या घडवत असताना शाळेने त्यांच्या दोन तासिका मोकळ्या केल्या होत्या की नाही, यावर पुढची वीस वर्षे ठरतात.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी शाळेत येतील, जुन्या बाकांवर बसतील, आपल्या गुरुजनांच्या पाया पडतील. त्या वेळी एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा : बाई, सर, तुम्हाला शिकवायला कोणी शिकवले? उत्तरादाखल जे नाव येईल ते शाळेच्या वहीत लिहून ठेवावे. आणि पालकांनीही ध्यानात ठेवावे की जून महिन्यात आपल्या मुलाच्या वर्गावर आलेली नवी, थोडी बावरलेली शिक्षिका एकटी असता कामा नये. तिच्या शेजारी कोणीतरी उभे असले पाहिजे, आणि जी व्यक्ती उभी आहे तिच्या पाठीशी संपूर्ण शाळा असली पाहिजे. शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीत असे अनेक हात नकळत पुढे झाले असतील. पुढील वाटचालीत ते ठरवून पुढे व्हावेत.